समजून घ्या : जुनी बोट घेताय? आधी तिचे कागद बघा

कवठे येमाईत कोणी जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला, की सोबतचा जाणकार आधी तीन गोष्टी विचारतो. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे? बँकेचा बोजा उतरला का? विमा चालू आहे का? व्यवहार ठरला, की २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या होतात आणि गाडी नावावर चढेपर्यंत घेणाऱ्याला चैन पडत नाही. हाच माणूस जुनी मोटरबोट घ्यायला गेला, तर मात्र इंजिन चालू करून बघतो, तळाला हात लावून बघतो आणि पैसे मोजतो. बोटीलाही ट्रॅक्टरसारखी नोंदणी लागते, हे अनेकांच्या गावीही नसते.

शिरूर-दौंड पट्ट्याला पाणी नवीन नाही. घोड नदी, चिंचणीजवळचे घोड धरण, पुढे भीमा आणि दौंडच्या खाली सुरू होणारा उजनीचा फुगवटा. भिगवण, कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना स्थानिक मच्छीमारच बोटीतून फिरवतात. अशा ठिकाणी कृषी पर्यटन केंद्र काढणाऱ्याला किंवा घरच्यांसाठी हौसेने बोट ठेवणाऱ्याला जुनी फायबरची बोट स्वस्तात पडते. पण स्वस्त बोटीबरोबर काय काय विकत घेतले जाते, हे समजून घ्यायला हवे.

कायदा काय सांगतो?

देशातील नद्या, कालवे, तलाव यांतील जलवाहतुकीला आता 'अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१' लागू आहे. १९१७ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा त्याने घेतली आणि ७ जून २०२२ पासून तो अमलात आला. राज्यात या नोंदणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नावात 'सागरी' असले, तरी धरणातल्या बोटीचा संबंधही याच मंडळाशी येतो.

यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या बोटीला दोन मुख्य कागद लागतात. पहिला सर्वेक्षण प्रमाणपत्र, म्हणजे बोटीचे 'पासिंग'. सांगाडा, इंजिन, बोटीचा तोल, किती माणसे बसवता येतील, लाइफ जॅकेट आणि आग विझवण्याचे साधन आहे का, हे सर्वेक्षक तपासतो. या प्रमाणपत्राला मुदत असते. दुसरा कागद नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोटीचे 'आरसी बुक'. मिळालेला क्रमांक बोटीवर ठळक दिसेल असा लावावा लागतो. नव्या कायद्यानुसार एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य आहे. त्यामुळे परराज्यातून आणलेल्या जुन्या बोटीचे कागद असतील, तर ते उपयोगी पडतात. कागदच नसतील, तर 'तिकडे असले काही लागत नव्हते' हे उत्तर चालत नाही.

याखेरीज विमा आणि चालवणाऱ्याचा सक्षमता दाखला हेही कायद्यात आहे. वल्ह्याची होडी किंवा पायाने चालवायची पेडल बोट यांच्यासाठी स्थानिक पातळीवर साधी नोंद करण्याची तरतूद आहे. मात्र त्याच होडीच्या मागे कोणी मोटर बसवली, की ती यांत्रिक बोट ठरते आणि तिचे नियम बदलतात.

जुन्या बोटीत धोका कुठे असतो?

केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. मूळची मासेमारीची बोट फेरबदल करून पर्यटकांसाठी वापरली जात होती, हे नंतर उघड झाले. जाळी आणि मासळी वाहण्यासाठी बांधलेल्या बोटीवर वरचा मजला चढवला किंवा जादा बाके ठोकली, की तिचा तोल बदलतो. खाली जड आणि वर हलकी असलेली बोट स्थिर राहते. वरचे वजन वाढले, की माणसे एका बाजूला सरकताच ती कलंडू शकते. रंग नवा असल्याने हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच बोटीत मोठा फेरबदल केल्यास पुन्हा तपासणी करून नोंदणीत तशी दुरुस्ती करणे बंधनकारक आहे.

जुन्या बोटीचे इंजिन हा दुसरा प्रश्न. शिरूर, दौंड, इंदापूर भागात नदीपात्रातून बेकायदा वाळू काढणाऱ्या बोटी महसूल आणि पोलिसांची पथके वेळोवेळी पकडतात, अनेकदा स्फोटकांनी उडवून देतात. ज्या बोटीवर क्रमांक नाही, तिचा मालक शोधणे अवघड असते. अशा धंद्यातली बोट किंवा इंजिन फिरत फिरत भोळ्या गिऱ्हाइकाकडे आले, तर चौकशीच्या वेळी ते ज्याच्या दारात सापडेल त्यालाच उत्तर द्यावे लागते.

व्यवहारापूर्वी काय तपासावे?

नोंदणी प्रमाणपत्र मूळ प्रतीत बघावे. झेरॉक्सवर विसंबू नये. त्यावरील नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे का, बोटीवरील क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पडताळावे. सर्वेक्षण प्रमाणपत्राची मुदत आणि त्यावर लिहिलेली प्रवासीक्षमता बघावी. बोटीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे. विमा विक्रेत्याच्या नावावर राहिला, तर अपघातानंतर भरपाई अडकू शकते. म्हणून बोट नावावर करून घेताना विमाही बदलून घ्यावा.

बोटीची कधीच नोंदणी झालेली नसेल, तर व्यवहार लगेच मोडायचे कारण नाही. मात्र पूर्ण पैसेही लगेच देऊ नयेत. बोट बांधणाऱ्याचे प्रमाणपत्र किंवा बिल, इंजिनाचे खरेदी बिल आणि विक्रीचा लेखी करार हाती घ्यावा. सागरी मंडळाकडे चौकशी करून ही बोट तपासणीत बसेल का, ते विचारावे आणि मगच उरलेली रक्कम द्यावी. नोंदणीला लायक नसलेली बोट फुकट मिळाली, तरी ती महागच पडते.

नोंदणी झाली म्हणजे सगळे झाले का?

नाही. बोट आपली असली, तरी धरणाचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. जलाशयात बोट उतरवण्यासाठी त्या विभागाची परवानगी वेगळी लागते. पैसे घेऊन पर्यटकांना फिरवायचे असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जलक्रीडेची नोंद पर्यटन विभागाकडे करावी लागते. 'फक्त पाहुण्यांना फिरवतो' असे म्हणून तिकीट घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या बोटीतून भाडे घेऊन माणसे नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी बोट बुडण्याची गरज नाही.

हे सगळे कशासाठी?

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीतील सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यात दोन लहान मुले होती. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर तेच प्रश्न विचारले जातात. बोट किती जणांची होती? शेवटची तपासणी कधी झाली? लाइफ जॅकेट होती का? चालवणारा प्रशिक्षित होता का? नोंदणी म्हणजे हे प्रश्न बोट पाण्यात उतरण्याआधी विचारणे. बोटीच्या कागदाला एवढाच अर्थ आहे आणि तो पुरेसा आहे.

तरीही सगळा भार घेणाऱ्यावर टाकून चालणार नाही. सागरी मंडळाचे मुख्यालय मुंबईत आणि प्रादेशिक बंदर कार्यालये किनाऱ्यावर. घोड किंवा भीमेच्या काठावरच्या नावाड्याने एका छोट्या बोटीसाठी तेथे हेलपाटे घालावेत, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात तो ते टाळतो आणि बोट विनानोंद चालत राहते. वाहनांसाठी आरटीओ तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेते. तसेच सर्वेक्षकांनी वर्षातून दोनदा उजनी आणि घोड धरणाच्या काठावर यावे, बोटी तिथेच तपासाव्यात आणि क्रमांक द्यावेत. बिनयांत्रिक होड्यांची नोंद ग्रामपंचायतीत झाली, तर कोणत्या गावात किती होड्या आहेत, हे निदान पुरात मदत मागवताना तरी कळेल. एक शिबिर भिगवणला पावसाळ्यापूर्वी, दुसरे पक्ष्यांचा हंगाम सुरू होण्याआधी भरले, तर कारवाईची भाषा न करताही अनेक बोटी नियमात येतील. त्यानंतरही जो विनाक्रमांक बोट चालवेल, त्याच्यावर कारवाई करायला प्रशासनाला तोंड राहील.

तोवर पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारता येतो. काठावर उभ्या असलेल्या बोटीवर क्रमांक आहे का? नसेल, तर मुलांना घेऊन तिच्यात पाय ठेवू नये. आणि तीच बोट विकायला काढलेली असेल, तर पैशाचे पाकीट खिशातच राहू द्यावे.