चामखिळीवर बिब्बा नको

जळगाव-धुळ्याकडे हातावर चामखीळ उठली की घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, चुना लावा, बिब्बा घाला, असे सल्ले आजही मिळतात. यातला बिब्बा सर्वांत घातक. त्याचे तेल आजूबाजूची निरोगी कातडी भाजते, फोड येतात, डाग राहतो आणि विषाणू मात्र तिथेच तग धरतो. होय, हा विषाणूचाच आजार आहे. इटलीच्या ज्युसेप्पे च्युफो यांनी १९०७मध्ये चामखिळीचा गाळलेला, पेशीविरहित अर्क स्वतःला टोचून ते दाखवून दिले. ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू बारीक चिरेतून किंवा खरचटल्या जागेतून शिरतो. म्हणून नखे कुरतडणारी मुले, सतत ओल्यात काम करणारे हात, अनवाणी पाय आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे त्याच्या तावडीत लवकर सापडतात. मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, तेव्हा घाई कशाला? त्रास होत असेल तर सॅलिसिलिक आम्लाचे औषध आहे: जागा कोमट पाण्यात भिजवून, हलकी घासून रोज लावायचे, तेही सुमारे १२ आठवडे. चेहऱ्यावर आणि मधुमेहींच्या पायावर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे किंवा विजेच्या उपकरणाने जाळणे हे त्वचारोगतज्ज्ञांचे काम. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही सल्ल्यासाठी जवळची सरकारी ठिकाणे. चामखीळ झपाट्याने वाढली, रंग बदलला किंवा रक्त आले, तर तपासणी लांबवू नये.