घोड्याविना तलवार

२०२५ साली एक मोलाची वस्तू परदेशातून आपल्या राज्यात परत आली. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली होती. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. तिचे पाते सरळ, लांब व युरोपी बनावटीचे आहे. अशा तलवारीला 'फिरंग' म्हणत. पात्यावर देवनागरीत रघूजींचे नावही आहे.

काही लोक म्हणतात, जुन्या लोखंडावर एवढा पैसा कशाला? मला तसे वाटत नाही. माझी तक्रार निराळी आहे. तलवार आली, पण घोडा कुठे आहे?

रघूजींचे खरे बळ घोडदळात होते. १७४१ ते १७५१ या काळात त्यांच्या फौजा नागपूरहून थेट बंगालपर्यंत गेल्या. केवळ कमरेला तलवार लटकवून एवढा पल्ला गाठता येत नाही. त्यासाठी जीन लागते, लगाम लागतो, रिकीब लागते, नाल ठोकणारा नालबंद लागतो. हे शब्द वाचताना तुम्ही अडला नसाल. घरीही ते तुमच्या कानावर पडतात. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणारा स्वार म्हणजे 'शिलेदार'. हा तुमचाच 'सिलाहदार'! लढाईत घोडा मेला, तर त्याची रोजीच जाई. सरकारी घोड्यावर बसणारा तो 'बारगीर'. बंगालमध्ये त्याचे 'बर्गी' झाले, आणि त्याची दहशत तिथल्या अंगाईगीतात उतरली. संग्रहालयाने हेही सांगितले पाहिजे. आपल्या फौजेचा पराक्रम तेवढा सांगावा आणि लोकांचे हाल झाकून ठेवावेत, हा काही इतिहास नव्हे.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. घोडे गेल्यावर घोडदळाच्या पलटणींना रणगाडे मिळाले. तिथे नुसती तोफेची नळी मांडलेली नाही, अख्खे रणगाडे उभे आहेत. मग स्वाराचीच फक्त तलवार का मांडावी? एक कारण उघड आहे. पोलाद टिकते, कातडे टिकत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ते तडकते, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. शिवाय सरदाराची तलवार घराणे जपते. बारगिराची फाटकी जीन कोण जपणार?

सिव्हिल लाइन्समधील आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा आहे. भोसल्यांच्या नागपुरात स्वाराचा सगळा सरंजाम एकत्र मांडायला याहून योग्य जागा कोणती?

तुमच्या ओळखीच्या घरी जुनी रिकीब किंवा लगाम पडून असेल, तर तो घासून चकचकीत करू नका. कोणाचा, कुठून आला, ते आधी कागदावर लिहून घ्या. आणि एखादे म्हातारे नालबंद भेटले, तर त्यांच्यापाशी बसा. नाल कशी बसवत, किती दिवसांनी बदलत, अडेल घोड्याला कसे शांत करत, हे त्यांना विचारा.