आधी नाटक ठरवा, मग तोंड रंगवा



पाडव्याच्या सुमारास आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे. चौथीचा वर्ग नाटक करणार आहे. पण कोणते करायचे यावरून वर्गात दोन तट पडले आहेत. बरीच मुले म्हणतात, एका राजाची मोठी गोष्ट करू, तालुक्याहून रंगाची पेटी आणि दाढीमिशा आणू. मला ते पटत नाही. काहून, ते सांगते.

आपल्या वर्गातली चार मुले दिवाळीनंतर मायबापासंगं ऊसतोडीला गेली. ती संमेलनाच्या थोडे दिवस आधी परत येतील. एकच मोठी गोष्ट घेतली तर सगळी कामे आत्ताच वाटून होतील. मग ती चौघं काय करतील? सतरंज्या अंथरतील! मागच्या वर्षी माझी मैत्रीण अशीच उशिरा आली, अन् नाटक संपेस्तोवर पडदा धरून उभी राहिली. संमेलन सगळ्यांचे असते ना?

म्हणून मी म्हणते, भारुडे करू. संत एकनाथ महाराज आपल्या जवळच्या पैठणचे. १५९९ साली त्यांनी देह ठेवला, पण त्यांची भारुडे अजून गावोगावी होतात. त्यात वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, विंचू चावलेली बाईपण आहे. एकेक सोंग वेगळे असते. माळेत एक मणी मागाहून ओवला तरी माळ मोडत नाही, तसेच हे आहे. दोघांनी मधेमधे बोलून सोंगे जोडायची. ऊसतोडीहून आलेल्यांनी एकेक सोंग घ्यायचे. चार दिवसांत पाठ होईल.

काही जण म्हणतात, भारूड म्हाताऱ्यांचे असते, खरे नाटक शहरात होते. तसे नाही. गुरुजींनी सांगितले की 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली रंगमंचावर आले. ते लिहिणारे राजकुमार तांगडे आपल्याच जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे. त्यात काम करणारी पोरंही आपल्या भागातल्या खेड्यांतली होती. ते नाटक मुंबई-पुण्यात गाजले. खेड्यातल्या माणसांना नाटक येते, हे त्यावरून कळते.

आता रंगाचे. सोंग ओळखू यायला सगळे तोंड रंगवायला लागत नाही. वासुदेवाला मोरपिसांची टोपी अन् गंध. गोंधळ्याला कुंकवाचा मळवट अन् कवड्यांची माळ. जोश्याच्या काखेत पंचांग. एवढ्यावर शेवटच्या ओळीतल्या आजीलापण कळते. पुसायला सोपे, म्हणून एका मुलाला दोन सोंगेही घेता येतात. जत्रेतला रंग लावून मागे दोघांच्या गालाला खाज सुटली होती, ती कटकटही नाही.

आणखी एक. मागच्या वर्षी मी काळी म्हणून मलाच राक्षस केले. वरून कोळसा फासला. सगळे हसले. मी घरी जाऊन लई रडले. माय म्हणली, "पंढरीचा विठोबा कोणत्या रंगाचा हाय गं?" मला उत्तर माहीत होते. आपण कपाळाला बुक्का लावतो तोपण काळाच असतो. म्हणून कोणाचे तोंड बघून काम देऊ नये. आवाज कोणाचा मोठा, पाठांतर कोणाचे चांगले, ते बघावे. राजा पाहिजेच असेल तर एका सोंगात राजा आणू. पण त्याला कोणीही होता यावे.

पालकांनो, पैसे देऊ नका. घरातले जुने लुगडे, टोपी, कवड्यांची माळ असेल तर द्या. आणि ती चार मुले ज्यांच्या नात्यातली आहेत त्यांनी निरोप धाडा, की तुमच्यासाठी चार सोंगे राखून ठेवली आहेत.



— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी