ओसरीपर्यंत कोण, माजघरापर्यंत कोण?

१/ जुन्या वाड्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली एक वाक्य हमखास उमटते : ‘पूर्वी दारे सताड उघडी असत, आल्यागेल्याला गूळपाणी मिळे.’ वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. त्या उघड्या दारातून कोणी किती आत जायचे, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो.

२/ उत्तर वाड्याच्या रचनेतच आहे. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर आणि सर्वांत आत देवघर व स्वयंपाकघर, असा साधारण क्रम. मोठ्या घरी माडीवर दिवाणखाना. ‘दिवाणखाना’ हा शब्दच फारसीतून, दरबारी व्यवहारातून मराठीत आला आणि येताना दरबाराची शिस्तही घेऊन आला. लोडाला टेकून कोण बसले आणि सतरंजीच्या कडेला कोण, यावरून न बोलताच मान कळे. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात एकामागून एक चौक ओलांडताना हे अंतर आजही पायांना जाणवते.

३/ या क्रमात ओसरी सर्वांत मोकळी. अर्धी घरात, अर्धी बाहेर. सावकारी हिशेब, पंचांग, सोयरिकीची बोलणी, दुपारची वामकुक्षी, सारे तिथेच. काम आणि विसावा यांच्या जागा वेगळ्या नव्हत्या. न कळवता येणे हा अपराध नव्हता. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची पारंपरिक फोडच आहे. हे या संस्कृतीचे खरे वैभव होते आणि ते मान्य करण्यात संकोच नको.

४/ मात्र हे वैभव पायरीपायरीने वाटले जाई. सोयरा माजघरापर्यंत येई, व्यवहारातला माणूस ओसरीवर थांबे, अनेक बलुतेदार अंगणातच उभे राहत. अस्पृश्य ठरवलेल्यांना पाणी मिळालेच तर वरून ओंजळीत ओतलेले. उंबरठा म्हणजे घराची एक कड नव्हती. प्रत्येक जातीसाठी तो वेगळ्या ठिकाणी होता.

५/ विसाव्याचीही वाटणी होती. ओसरीवरच्या गप्पांना लागणारे पान, सुपारी, फराळ माजघरातून येत. बाहेरची बैठक लांबली की आतली चूल लांबे. बायकांचे एकत्र येणे हळदीकुंकवाला किंवा दुपारच्या निवडणटिपणाला, म्हणजे बहुधा सणाच्या किंवा कामाच्या निमित्ताने. निमित्ताशिवाय नुसते बसण्याचा अधिकार ओसरीवर होता, माजघरात क्वचितच.

६/ म्हणूनच १८६८ हे वर्ष मराठी पाहुणचाराच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे. जोतीराव फुल्यांनी पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. दानधर्म म्हणून पाणपोई घालणे निराळे. इथे घरच्याच पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळाला. उंबरठा कुठे असावा, हे शास्त्राने नव्हे तर यजमानाने ठरवले.

७/ पाहुणचार देणे जितके गंभीर, तितकेच तो स्वीकारणेही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आला, पुढे त्यांची नावे छापून आली आणि ग्रामण्याचे प्रकरण उभे राहिले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाला इतके वजन असेल, तर ‘आल्यागेल्याला’ या शब्दाचा अर्थ किती मर्यादित होता, हे वेगळे सांगायला नको.

८/ पुढे मुंबईच्या चाळींनी नकाशा बदलला. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिथे ओसरी आणि माजघर वेगळे ठेवणार कसे? पाहुणा थेट चुलीजवळ येऊन बसला आणि सामाईक गॅलरी सगळ्या मजल्याची ओसरी झाली. वाड्यातली भिंत इथे सुधारणेने नव्हे, जागेच्या टंचाईने पडली. पण गाववाले आणि जातवाले शेजारी शेजारी राहत असल्याने मनातली भिंत तेवढी सहज पडली नाही.

९/ मग आला फ्लॅट आणि त्यातला ‘हॉल’. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि यथावकाश माणसांसमोर माणसे बसवणारी बैठक पडद्याकडे तोंड करून बसली. फोन न करता जाणे असभ्य ठरले. याबद्दलची हळहळ समजण्याजोगी आहे. मात्र बंद दाराने एक गोष्ट दिली : आतल्या बाईला ‘आज कोणी येणार नाही’ अशी खात्री. तिच्या बाजूने पाहिले तर हा ऱ्हास नाही.

१०/ तेव्हा वाडा की फ्लॅट, हा वादच चुकीच्या जागी घातला जातो. घराचा पाहुणचार मोजण्याची मापे दोनच : येणारा किती आत येऊ शकतो आणि त्याच्या आरामासाठी कोणाचा आराम मोडतो. या मापांनी ओसरी पूर्ण उतरत नाही आणि हॉलही नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप आजही अनेक स्वयंपाकघरांत वेगळा ठेवलेला असतो. दिंडी दरवाजा गेला, देवडी गेली, चौक बुजले. तो वेगळा कप मात्र अंगणातल्या त्या ओंजळीचाच वारस आहे. जुन्या दारांचे कौतुक करणाऱ्यांनी आधी तो कप बाकीच्या कपांत मिसळावा.