ऊन फुकट आहे, म्हणून जबाबदारी माफ नाही




सूर्यप्रकाश आणि उत्प्रेरक यांच्या मदतीने दूषित भूजल शुद्ध करता येते, हे खरे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्याने त्याचे स्वागत करावे. पण ते काय करू शकते आणि काय नाही, हे आधी नीट समजून घ्यावे.

टिटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकावर अतिनील किरण पडले की पाण्यात अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. कीटकनाशके, रंगद्रव्ये अशी सेंद्रिय द्रव्ये ती तोडून टाकतात. मात्र जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के असतात आणि गडद पाण्यात ते खोल शिरत नाहीत. त्यामुळे डिस्टिलरीचे काळपट सांडपाणी नुसते उन्हात ठेवून साफ होणार नाही. क्षार आणि फ्लोराइड तर या पद्धतीने निघतच नाहीत. नायट्रेटही सहज जात नाही. प्रवरा खोऱ्यात कालव्याचे पाणी, बारमाही ऊस आणि रासायनिक खते यांमुळे क्षार व नायट्रेट हीच मोठी दुखणी आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आरओ यंत्र ते काढते, पण उरलेले खारट पाणी पुन्हा गावातच सोडले जाते.

म्हणून आधी तपासणी, मग यंत्र. रंग किंवा कीटकनाशकांचा अंश आढळलेल्या निवडक विहिरींवर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने भूजल सर्वेक्षण यंत्रणेसोबत प्रयोग करावा. शुद्ध केलेल्या पाण्यात अर्धवट तुटलेली घातक द्रव्ये उरत नाहीत ना, हेही तपासावे.

पण वरून सांडपाणी मुरतच राहिले, तर बेसाल्टच्या भेगांतले पाणी उपसून किती वर्षे धुणार? राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छतेचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांवरच टाकला. आपल्याकडेही ज्याच्यामुळे विहीर बिघडली हे सिद्ध होईल, त्यानेच प्रयोगाचा आणि तोवरच्या टँकरचा खर्च द्यावा. तो ग्रामपंचायतीच्या माथी नको.

पाण्याचा ताळेबंद मांडायला याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने महाराष्ट्राला शिकवले. आता पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक सार्वजनिक विहिरीच्या तपासणीचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. जिल्हा परिषदेने तसा ठराव याच वर्षी करावा, ही कळकळीची मागणी.

— एक शेतकरी, राहाता