आबा, चिकू आणि पावसातला बेसबॉल

मुलांनो, सहल ठरते तेव्हा तुमच्या घरी आखणी कोण करतं? बहुतेक आई-बाबाच. तुमच्या वाट्याला फक्त “आवरा लवकर!” माझ्या भावाच्या घरी मात्र मी उलटा प्रकार पाहिला. तोच आज सांगते.

भाऊ अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहराजवळ राहतो. 2023 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, तशी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन तिकडे गेले. आबा निवृत्त क्रीडाशिक्षक. गुडघे कुरकुरतात, पण मैदान दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात! मंगळवारी आमचं परतीचं विमान होतं आणि हातात एकच रविवार उरला होता. आबा म्हणाले, “इथला बेसबॉल एकदा बघायचाय.” झालं! भावाने बारा वर्षांच्या भाचीपुढे वही ठेवली. “ताई, आखणी तुझी. तू सांगशील तसं आम्ही वागणार.”

आता ही मायनर लीग म्हणजे काय ते आधी समजून घ्या. अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, 30 संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार-चार संघ. म्हणजे किती झाले? बरोबर, 120. ही मायनर लीग. तिच्या चार पायऱ्या असतात, सर्वांत वरची ट्रिपल-ए. खेळाडू एकेक पायरी चढत जातो आणि एक दिवस वरून बोलावणं आलं की बॅग भरून निघतो. पुष्कळांना ते बोलावणं कधीच येत नाही, हेही खरं. मैदानं आटोपशीर, तिकिटं मोठ्या सामन्यांपेक्षा खूपच स्वस्त. त्यामुळे आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर सामन्याला जातं.

आबांना यावरून दोन नावं आठवली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. (क्रिकेटमधला रिंकू सिंग नव्हे बरं का, हा वेगळा!) उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू. 2008 मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, तिच्यातून ते निवडले गेले. त्याआधी त्यांना बेसबॉल ठाऊकही नव्हता. पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांच्याशी करार केला आणि 2009 मध्ये दोघेही मायनर लीगच्या मैदानावर उतरले. मेजर लीगपर्यंत मात्र कुणी पोचलं नाही. “पण भाल्याचा खांदा इथवर आला ना!” आबा म्हणाले.

ताईची वही मी नंतर मागून घेतली. पहिल्या पानावर वेळापत्रक. मायनर लीगचे सामने साधारणपणे मंगळवार ते रविवार असतात, सोमवारी सुट्टी. सामना संपेल कधी? क्रिकेटसारखी षटकं इथे नसतात. नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांचे तीन-तीन गडी बाद होईपर्यंत खेळ. पण आता चेंडू टाकणाऱ्यासमोर घड्याळ लावलेलं असतं, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. मायनर लीगमध्ये 2022 पासून हे सगळीकडे सुरू झालं आणि सामने बरेच लवकर संपू लागले. ताईने तीन तास धरले. पाच वाजता सुरू, साडेआठला परत निघायचं. आबांचं औषध नऊला आणि आठ वर्षांच्या चिकूची सकाळी शाळा.

जागा कोणती घ्यायची? फलंदाजाच्या पाठीमागची, कारण तिथे सावली लवकर येते आणि समोर जाळीही असते. शिवाय आबांसाठी पायऱ्या कमी हव्यात. पिशवी कसली चालते, बाहेरचं खाणं नेता येतं का, हे आधी वाचलं. म्हणून वहिनीने केलेले धपाटे आम्ही गाडीजवळच दह्याबरोबर संपवले. शेवटची ओळ होती : पाऊस आला तर? बहुतेक मैदानांवर असा नियम असतो की पाच डाव होण्याआधी सामना बंद पडला तर त्या तिकिटावर दुसरा सामना बघता येतो. ताईने खाली लिहिलं होतं, “पण आबा तेव्हा नसतील.”

डरहॅम बुल्सचं मैदान 1995 मधलं. डाव्या बाजूच्या उंच निळ्या भिंतीवर एक भलामोठा लाकडी बैल आहे. त्या बैलाला चेंडू मारणाऱ्या खेळाडूला मांसाहारी जेवण बक्षीस, आणि बैलाच्या पायाखालच्या गवताला लागला तर नुसती कोशिंबीर! तसं फलकावर लिहूनच ठेवलंय. घरच्या संघाने होमरन मारला, की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकातून धूर येतो. चिकूची नजर सारखी त्या बैलाकडे.

तीन डाव झाले आणि विजा चमकू लागल्या. मैदानावर ताडपत्री ओढली गेली. अर्धे लोक उठून गेले. भावाने ताईकडे बघितलं. ताईने आबांकडे. “मला काय, मी बसतो,” आबा म्हणाले. आम्ही छपराखाली सव्वा तास बसलो आणि आबांनी चिकूला भालाफेकीची पकड शिकवली. भाला कसला, मिटलेली छत्री!

पावसानंतर पाचव्या डावात बैलाने धूर सोडला. आबा गुडघे विसरून उभे राहिले. सातव्या डावात सगळे उभे राहून 1908 सालचं एक बेसबॉलगीत म्हणतात, तेही झालं. शब्द न कळता आबांनी टाळ्यांचा ठेका धरला. आणि मग साडेआठ वाजले.

रविवारी सामना संपल्यावर लहान मुलांना बेसवरून धावू द्यायची पद्धत अनेक मैदानांवर असते. चिकू त्यासाठीच बूट घट्ट बांधून आला होता. “अजून दोनच डाव!” तो म्हणाला. भाऊ गप्प. शब्द दिला होता ना, ताई सांगेल तसं! ताईने आबांच्या औषधाच्या डबीकडे पाहिलं आणि म्हणाली, “निघू या.” चिकू गाडीत अवाक्षर बोलला नाही. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. पालकहो, आखणी मुलांच्या हाती द्याल तेव्हा हा भागही त्यांच्या वाट्याला येतो. मला तर तेव्हा वाटलं, भावाने मध्ये पडावं. तो पडला नाही.

सोमवारी संध्याकाळी बॅगा भरायच्या सोडून आबा चिकूला घराजवळच्या बागेत घेऊन गेले. दोन बेसमधलं अंतर 90 फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. आबांनी सदतीस पावलं मोजली, वळले, पुन्हा सदतीस. चार कोपऱ्यांवर चार चपला. दोन त्यांच्या, दोन माझ्या. मी अनवाणी उभी! चिकू नाक फुगवून म्हणाला, “ताई पण धावणार असेल तरच.”

आबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि शाळेतल्यासारखी आरोळी ठोकली, “सावधान... तयार... पळा!”