पथ्याचे फर्मान आणि त्याची फेरतपासणी

पथ्य सांगणे हा वैद्याचा अधिकार आणि ते पाळणे हा रोग्याचा धर्म, अशी वाटणी आपल्या समाजाने फार पूर्वी करून ठेवली आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. कारण ज्याच्या छातीत एकदा कळ येऊन गेली आहे, त्याने डॉक्टरांशी ताटातल्या पदार्थांवरून हुज्जत घालीत बसावे, हे ना त्याच्या हिताचे, ना त्याच्या घरच्यांच्या. तथापि गेल्या साठ-सत्तर वर्षांत शास्त्राच्या नावाने जो आहारोपदेश दवाखान्यांतून घरोघर पोहोचला, त्यातली काही कलमे मागाहून शास्त्रानेच रद्दबातल ठरवली असून, ज्यांच्यावर ती बजावली गेली होती त्यांना त्याची साधी वर्दीही कोणी दिली नाही, ही माझी तक्रार आहे. आणि तिची सुरुवात करडईच्या तेलापासून करणे सोयीचे होईल.

करडई हे सोलापूर-मराठवाड्याकडचे रब्बीचे काटेरी पीक. रानाच्या कडेने तिच्या चार ओळी पेरल्या की गुरे आत तोंड घालीत नाहीत, कोवळ्या पाल्याची भाकरीबरोबर खायला भाजी होते आणि दाण्यांचे तेल घाण्यावरून घरी येते, एवढाच तिचा साधासुधा संसार होता. पुढे प्रयोगशाळांत असे आढळले की या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण बहुतेक खाद्यतेलांहून अधिक असते आणि ते खाल्ल्याने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. झाले! करडईचा दर्जा एकदम वाढला, मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा वस्तीत ती हृदयाची रक्षणकर्ती म्हणून चकचकीत डब्यांतून येऊ लागली. आणि घरात एकाची बायपास झाली की शेंगदाण्याचे तेल, तुपाची बरणी, खोबऱ्याची वाटी ही सारी हद्दपार होऊन आजीपासून नातवंडांपर्यंत अवघे कुटुंब त्या एकाच्या पथ्यावर राहू लागले, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा मध्यमवर्गीय वाचक विरळा.

या साऱ्याचा उगम अमेरिकेत आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या देशाचे सगळे लक्ष या एका व्याधीकडे वेधले गेले. आहारातील स्निग्धांशामुळे कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यातून हृदयविकार उद्भवतो, हा सिद्धान्त मिनेसोटाचे शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज त्याआधीपासूनच मोठ्या हिरिरीने मांडीत होते. कीज सामान्य मनुष्य नव्हे. १९५८ मध्ये त्यांनी आरंभलेला सात देशांचा अभ्यास चिकाटीचा उत्तम नमुना आहे. पण ते सात देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि जपान. त्यांत हिंदुस्थान नव्हता, आणि त्या मूळ पाहणीत स्त्रीही नव्हती. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतले अंतर सहसा प्रत्यक्ष प्रयोगानेच तोडता येते. तो प्रयोग पुरा होण्याची वाट न पाहता १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने लोणी-चरबीच्या जागी वनस्पतिजन्य तेले घेण्याचा सल्ला जाहीर केला.

प्रयोग झाले नाहीत असे नाही. झाले, आणि खरी कथा तिथेच आहे. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयविकाराचा प्रसंग नुकताच ओढवलेल्या ४५८ पुरुषांची विभागणी करण्यात आली. एका गटाला करडईचे तेल आणि त्याच तेलाचे मार्गरीन देण्यात आले, दुसरा आपला नेहमीचा आहार घेत राहिला. अपेक्षेप्रमाणे पहिल्या गटाचे कोलेस्टेरॉल उतरले. पण मृत्यू त्याच गटात अधिक झाले. हृदयविकाराचे मृत्यू किती, याचा तपशील त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही. तो संशोधक ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी मिळवून २०१३ मध्ये उजेडात आणला, तेव्हा एकूण मृत्यूंचे प्रमाण करडईच्या गटात १७.६ टक्के आणि दुसऱ्यात ११.८ टक्के असल्याचे निश्चित झाले. मिनेसोटातील प्रयोग तर याहून कितीतरी मोठा. १९६८ ते १९७३ या अवधीत मनोरुग्णालये आणि एक वृद्धनिवास मिळून ९,४२३ जणांवर तो झाला, आणि त्याच्या सूत्रधारांत आयव्हन फ्रँट्झ यांच्या जोडीला स्वतः कीजही होते. तिथे तेल मक्याचे होते. कोलेस्टेरॉल तिथेही उतरले, आयुष्य मात्र वाढले नाही. मुख्य निबंध छापून यायला १९८९ साल उजाडले, आणि उरलेली सामग्री फ्रँट्झ यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाला घराच्या तळघरात सापडली! लक्षावधी माणसांच्या जेवणाला वळण लावणाऱ्या सिद्धान्ताच्या कसोटीचे कागद एका खासगी घराच्या तळघरात पडून राहावेत, हा योग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.

या प्रयोगांतही उणिवा आहेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सिडनीच्या मार्गरीनमध्ये ट्रान्स मेद, म्हणजे तेल घट्ट करताना उत्पन्न होणारे मेद, असण्याचा पुष्कळ संभव आहे आणि मिनेसोटातले बरेच लोक प्रयोग अर्धवट सोडून गेले होते. संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेद घ्यावा, या मताचा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये पुनरुच्चारही केला आहे. वाद मिटला, असा माझा दावाच नाही. माझे म्हणणे इतकेच की, जो वाद साठ वर्षे मिटला नाही, तो मिटल्याच्या थाटात रोग्याला हुकूम का दिला गेला?

अंड्याच्या बलकाचेही असेच. दिवसाला तीनशे मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोलेस्टेरॉल पोटात जाऊ नये आणि आठवड्यात तीनांहून अधिक बलक खाऊ नयेत, असे १९६८ मध्ये ठरले; अमेरिकेच्या सरकारी आहारसूत्रांच्या २०१५ च्या आवृत्तीतून ती तीनशेची मर्यादा निघून गेली. आपल्याकडे कित्येक काका-मामा अजून उकडलेल्या अंड्यातला पिवळा गोळा मोठ्या निग्रहाने बशीच्या कडेला काढून ठेवतात, आणि ताट उचलताना काकू तो तोंडात टाकते.

परंतु खरी हानी झाली ती तुपाच्या गादीवर कोणाला बसवले गेले त्यामुळे. प्राणिज स्निग्ध पदार्थ वाईट ठरल्यावर पाश्चात्त्यांनी लोण्याऐवजी मार्गरीन जवळ केले. आपल्याकडे १९३७ पासून बाजारात असलेला डालडा स्वस्ताईमुळे घराघरांत शिरलेलाच होता, त्याला 'वनस्पती' या शब्दाने अनायासे निर्दोषत्वाचा दाखला मिळाला. तेल हायड्रोजनने घट्ट करताना जे ट्रान्स मेद उत्पन्न होतात, त्यांविषयी फ्रेड कुमेरो या शास्त्रज्ञाने १९५७ पासून धोक्याची सूचना दिली होती. ते मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवून वर चांगले कोलेस्टेरॉल घटवतात, हे १९९० मध्ये डच संशोधकांनी दाखवले. आणि आपल्या देशात तेल-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम अंमलात यायला जानेवारी २०२२ उजाडावा लागला. मधल्या काळात किती लाडू-शंकरपाळी या वनस्पतीत झाली, याचा हिशेब कोण देणार?

आणि आपल्या घरचा पुरावा कोणी पाहिला? पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे नोकरांच्या आजारपणाची आणि मृत्यूंची दप्तरे चाळून १९६७ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की दूध-तुपावर पोसलेल्या पंजाब्यांपेक्षा दाक्षिणात्य नोकरांत हृदयविकाराचे प्रमाण सुमारे सातपट होते. आणि स्निग्ध पदार्थ मात्र उत्तरेकडच्यांच्या पोटात कित्येक पटींनी अधिक जात होते. यावरून तूप हृदयाला तारक आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. नोकरीचे स्वरूप, जेवणाची रीत, अंगमेहनत, कितीतरी गोष्टी यात गुंतलेल्या असणार. पण अमेरिकेतला आलेख जसाच्या तसा आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगण्यापूर्वी थांबून विचार करायला हा निबंध पुरेसा होता.

इतके वाचून कोणी तुपाची वाटी ओठाला लावणार असेल, किंवा कोलेस्टेरॉल हे औषधकंपन्यांचे कारस्थान आहे असा फिरता संदेश पुढे ढकलणार असेल, तर त्याने माझ्या नावाचा आधार घेऊ नये. १९९४ साली स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांवर झालेल्या चाचणीत स्टॅटिन या औषधाने कोलेस्टेरॉल उतरवले आणि मृत्यूही सुमारे तीस टक्क्यांनी घटवले. ती गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती मुकाट्याने घ्यावी. तंबाखूविषयीचा निषेध डॉल आणि हिल या संशोधकांच्या धूम्रपानावरील १९५० च्या अभ्यासापासून जसा ठाम आहे तसाच आजही आहे. पण ज्या उपदेशाच्या पाठीशी इतका भक्कम पुरावा उभा आहे तो, आणि जो निव्वळ अनुमानावर विसंबून आहे तो, असे दोन्ही एकाच कागदावर, एकाच ठशात आणि एकाच स्वरात छापले जातात. 'धूम्रपान वर्ज्य' आणि 'खोबरे वर्ज्य' या दोन ओळी शेजारी शेजारी असतात. वाचणाऱ्याला त्यांच्या वजनातला फरक कळावा कसा?

म्हणून माझी मागणी अगदी माफक, जवळजवळ कारकुनी स्वरूपाची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारसूत्रांवर साल असते. २०११ नंतर त्यांची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली, हे ज्याला पाहायचे त्याला पाहता येते. इस्पितळातून घरी सोडताना हाती पडणाऱ्या आहारपत्रकावर मात्र बहुधा तारीख नसते, आणि एकदा फ्रिजच्या दारावर चिकटवलेले ते पत्रक बारा-पंधरा वर्षे हलत नाही. त्यावर छपाईचे साल असावे. प्रत्येक कलमापुढे ते प्रयोगांती ठरले आहे, पाहणीवरून सुचले आहे की तूर्त अंदाज आहे, एवढा शेरा असावा. आणि एखादे कलम मागे घेतले गेले तर पुढल्या तपासणीच्या वेळी जुना कागद परत घेऊन नवा द्यावा. बाह्यरुग्ण विभागात माणशी पाच मिनिटेही मिळत नाहीत, ही डॉक्टरांची सबब खरी आहे. पण हे शेरे तोंडाने समजावून सांगायचे नाहीत. कागदावर एकदाच छापायचे आहेत.